आबांनी न विचारलेलं साल

आमच्या डाळमिलमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी सरळ सांगितली नाही. कुणी विचारलं तर आबा, म्हणजे माझे वडील, कोर्टाचं सांगायचे, सल्लागाराचं सांगायचे, माझ्या साक्षीचं तर वर्षानुवर्षं सांगायचे. पण मुळात भांडण कशावरून झालं म्हणाल तर एवढ्यावरून. वीस-बावीस बाया सकाळी आठपासून डाळ निवडायच्या, तूर वाळत घालायच्या, पोती शिवायच्या, आणि जायचं झालं तर मिलच्या मागचा नाला. काठाला चार बाभळी, पलीकडून रस्ता. दोघी मिळून जायच्या. एक बसायची, दुसरी रस्त्याकडे तोंड करून पदर पसरून उभी राहायची. मिलच्या आवारातच आमचं घर होतं आणि घराच्या मागच्या अंगाला फरशी बसवलेला संडास होता, दाराला कडी होती, आत नळ होता. वीस वर्षांची होईपर्यंत या दोन गोष्टी मी एकदाही एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आज मला आबांचा राग येतो, त्या सल्लागाराचा येतो, पण सगळ्यात जास्त येतो तो त्या आंधळ्या पोरीचा.

आबा चोपड्याकडच्या एका खेड्यातले. शेती भावांच्या ताब्यात देऊन ते जळगावला आले आणि शहराबाहेर, तेव्हा जिथे रात्री कोल्हे ओरडायचे म्हणत, तिथे त्यांनी मिल टाकली. पायाच्या विटा त्यांनी आणि मायनं स्वतः वाहिल्या. हे खरं आहे आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेत नाही. माझं सगळं लहानपण पट्ट्याच्या थपथप आवाजात गेलं. लाइट गेली की तो आवाज बंद पडायचा आणि आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो. भिंतींवर, गाद्यांवर, केसांत तुरीच्या चुनीची पिवळी धूळ. दुपारच्या सुट्टीत बाया ओट्यावर फडकी सोडायच्या, कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत, आणि माय आतून ताकाची कळशी पाठवायची. मी घरचं पोळी-वरण सोडून त्यांच्यात जाऊन बसायची. आबांना त्याचं कौतुक होतं. पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे मालक-मजूर असं काही नाही, बठ्ठे सगळे घरचेच. घरचेच होते तर घरातल्या संडासात का जात नव्हते, हे विचारायची अक्कल कुणाला नव्हती.

आबांनी मिल टाकली खरी, पण डोक्यातलं शेत काही गेलं नाही. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला फिरतं. अक्षय्य तृतीयेला सालदार मोकळा होतो, मालकाच्या पंगतीला मालकाच्या शेजारी बसून पुरणपोळी आणि आमरस खातो, आणि मग मालक त्याला विचारतो, औंदा राहशी का. तो राहतो म्हणाला की हातावर नारळ. नाही म्हणाला तर नाही, त्यात राग नसतो. आबांनी हीच रीत मिलमध्ये चालू ठेवली. आखाजीला मशीन बंद, आवारात मांडव, बाया नवी लुगडी नेसून यायच्या, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या, आणि जेवणं झाल्यावर आबा एकेकापुढे जाऊन उभे राहायचे. मी मागे नारळाची टोपली घेऊन. "औंदा राहशी का?" "राहसू, आबा." नारळ. पुढची. आबा म्हणायचे, माणसाला वर्षातून एकदा तरी तोंडावर विचारावं, गृहीत धरू नये. मला ते फार मोठं वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून तर त्याचं जे केलं गेलं ते मला पचत नाही.

निवडणाऱ्या बायांत सुभद्राअक्का सगळ्यात जुनी. पारोळ्याकडची, मिल उभी राहिली त्या सालापासूनची. उंच, काळीसावळी, कपाळावर मधोमध हिरवं गोंदण, आवाज असा की चालू चक्कीवरून पलीकडच्या बाईला हाक मारायची. नवरा मी लहान असतानाच वारला होता. मला डाळीतला खडा नजरेनं नाही, बोटांनी ओळखायला तिनं शिकवलं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, पण विचारलं तर तोंड उघडायची. आणि एकदा तिला विचारलं गेलं.

कारखान्यांची तपासणी करणारे एक साहेब वर्षाकाठी यायचे. चहा, शेव, मशीनच्या कुंपणाकडे एक नजर, आणि जाताना निवडणाऱ्या बायांसमोर उभं राहून, "काय बायांनो, काही अडचण?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो हे सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षी बाया माना खाली घालून हसायच्या. त्या वर्षी सुभद्राअक्का सूप खाली ठेवून उठली आणि म्हणाली, "साहेब, आमले जावाले जागा नही शे. नालावर जातस आम्ही. रस्तावरना गडीमाणसं देखतस." बस, एवढंच. साहेबांना ते लिहावं लागलं. आबांना नोटीस आली की अमुक महिन्यांत बायकांसाठी स्वतंत्र संडास बांधा. तो बांधायला किती विटा लागल्या असत्या? पण आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आवारात उभी राहून माझ्या माणसानं परक्याकडे माझी तक्रार केली, हा तो राग. मायनं दोनदा सांगून पाहिलं, बांधून टाका हो, बायामाणसांचे हाल होतात. आबा म्हणाले, "शेतात कुठं असतो संडास? शेतात बाया जात नाहीत का?" आणि मग बांधला तर तिच्या म्हणण्यावरून बांधल्यासारखं होईल, म्हणून मुळीच नाही.

नोटिशीला उत्तर द्यायला धुळ्याहून एक सल्लागार आले. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, मजुरांच्या भानगडी मिटवण्यात वाकबगार म्हणून बाजारात नाव. मी त्यांना पाणी द्यायला गेले आणि तिथंच बसले, कारण कॉमर्सला होते आणि कायद्याचा एक पेपर मलाही होता. ते म्हणाले, "आबासाहेब, मालकालाही हक्क असतात, फक्त तो ते वापरत नाही." मग बोलता बोलता आबांनी त्यांना आखाजीची रीत सांगितली, मोठ्या अभिमानानं. सल्लागारांनी कप खाली ठेवला. "म्हणजे दरसाल मुदत संपते आणि दरसाल तुम्ही नव्यानं विचारता?" आबा म्हणाले हो. "अहो, हे तर सोनं आहे. कायद्यात नवं कलम आलंय. ठरावीक मुदतीचा करार संपला आणि तो पुन्हा केला नाही, तर त्याला कामावरून काढणं म्हणतच नाहीत. नोटीस नको, कारण नको. या आखाजीला त्या बाईला फक्त विचारू नका." मला ते भारी हुशारीचं वाटलं. वहीत उतरवून घेतलं मी ते कलम. मेली कसली हौस होती शिकायची.

आता मी स्वतः हेच काम करते. पस्तीस वर्षं होत आली, जळगाव-धुळ्याचे मिलवाले, जिनिंगवाले, पाइप कारखानेवाले माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न हाच टाकतात, मॅडम, मालकाचे हक्क काय? मी सांगते, भरपूर आहेत. काम न करणाऱ्याला विचारायचा हक्क आहे, चोरी करणाऱ्याची चौकशी करून त्याला काढायचा आहे, धंदा चालत नसेल तर रीतसर बंद करायचा आहे. फक्त खरं बोलणाऱ्या बाईला युक्तीनं उडवायचा नाही. काही जण उठून दुसऱ्या सल्लागाराकडे जातात. जावोत बापडे.

त्या आखाजीला मांडव तसाच, आमरस तसाच, झोके तसेच. आबा एकेकीपुढे थांबत गेले. माझ्या हातात टोपली. सुभद्राअक्का रांगेत पहिली असायची, त्या दिवशी ती मुद्दाम मधे उभी होती की काय कोण जाणे. आबा तिच्या आधीच्या बाईपुढे थांबले, विचारलं, नारळ दिला, आणि तिला ओलांडून पलीकडच्या बाईपुढे जाऊन उभे राहिले. ती पलीकडची, कोवळी पोर, "राहसू, आबा" म्हणायची तर अक्काकडेच बघत राहिली. अक्का हात पुढे करून तशीच उभी होती. मग तिनं हात खाली घेतला आणि लुगड्याला पुसला, जणू हात ओलाच होता. मी टोपली घेऊन तिच्यासमोरून गेले. माझ्याकडे तिनं पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

मायला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, आबांचा रुसवा आहे, शेतावर सालदाराशी होतो तसा, दोन दिवसांनी निवळेल. पण रात्रभर तिला चैन पडलं नाही आणि सकाळी तिनं देवघरातला नारळ काढून माझ्या हातात दिला. "हाऊ नारय सुभद्राले दी ये. सांगजो, मायनी धाडा शे. कामवर ये म्हना." मी गेले. अक्का दारात भांडी घासत होती. तिनं हात धुतले, नारळ कपाळाला लावला, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुनी मायले सांग, साल ठरनं." मला गूळ-शेंगदाणे दिले. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा गेटवर आबा होते. "नारळ मी दिला का?" असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. माय पडवीतून ओरडली, "मी दिला, मी काय या घरची कुणी नाही का?" गेट लागलं.

अक्कानं केस केली. युनियनचा एक तरुण वकील तिला मिळाला. आमच्या तारखा धुळ्याच्या कामगार न्यायालयात पडायच्या. अक्कानं साक्षीत सांगितलं की मालकिणीनं पोरीच्या हातून नारळ धाडला, म्हणजे साल ठरलं होतं. सल्लागार हादरले. त्यांचीच काठी त्यांच्या पाठीत. नारळ म्हणजे करार असं त्यांनीच लेखी मांडून ठेवलं होतं, आणि नारळ तर पोचला होता. माझ्या मायला साक्षीला उभं करणं शक्य नव्हतं, ती खरं बोलली असती. म्हणून मी. त्यांनी मला आमच्याच ऑफिसात बसवून शिकवलं, "नारळ दिला हे नाकारू नकोस. ओटीचा होता म्हण. आखाजी म्हणजे बायकांचा सण, आईनं ओटी भरायला पाठवला. कामाचा काही संबंध नाही." आबा शेजारी होते. त्यांनी मान हलवली. मी पण हलवली. तिघं माणसं त्या खोलीत होतो, त्यातली दोन सुभद्राअक्काला जन्माची ओळखणारी, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. सल्लागाराला माफ केलं एक वेळ. त्यानं तिला लांबून दोनदा पाहिलेली, कपाळावरचं गोंदण त्याला कुंकू वाटलं असेल. आम्हाला काय झालं होतं? आम्ही तिला इतकं घरचं मानत होतो की ती कोण आहे हेच विसरलो.

धुळ्याला आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आबा आदल्या दिवशीच सल्लागाराकडे गेले होते, म्हणून मी आणि मिलचे मुनीमकाका. गाडीत चढले तर तिसऱ्या बाकावर सुभद्राअक्का. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीत, कारण गाडी एकच होती. मुनीमकाका मागे जाऊन बसले. जागा फक्त तिच्या शेजारी होती, तिनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि सरकली. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तिनं फडकं सोडलं, अर्धी भाकरी, वर ठेचा, माझ्या हातावर ठेवली. "खाय पोरी. उपाशी पोटे कोर्टमां चक्कर ई." मी खाल्ली. चांगली पोटभर खाल्ली. त्या भाकरीची चव मला नीट आठवते, आणि ती आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, वर कुरकुरणारा पंखा, मधोमध लाकडी पिंजरा. मी शपथ घेतली आणि शिकवलेलं घडाघडा म्हटलं. ओटीचा नारळ, आखाजी, बायकांचा सण. सल्लागारांनी समाधानानं कागद खाली ठेवले. मग अक्काचा तो तरुण वकील उठला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "ताई, सुभद्राबाईंचे यजमान काय करतात?" मी म्हटलं, "वारले." हे म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. "केव्हा?" "मी लहान होते तेव्हा." "मग आपल्या खानदेशात विधवेची ओटी भरतात का?" खोलीतला एकूण एक माणूस इकडचाच. शिपाई, टंकलेखक, दारातल्या बाया, सगळे माझ्याकडे बघायला लागले. न्यायाधीशांनी पेन उचललं आणि थांबले. मी आबांकडे पाहिलं, ते खाली बघत होते. "बोला ताई." मी म्हटलं, "नाही भरत." "मग तो नारळ कशाचा?" "सालाचा," मी म्हटलं. ते खरं मी सांगितलं म्हणून कुणी माझं कौतुक करू नये. पळायला वाट उरली नव्हती म्हणून सांगितलं.

पण मी पाहिलं ते दुसरंच. अक्का बाकावर बसली होती, आणि तिनं पदर ओढून कपाळ झाकून घेतलं होतं. खटला तिच्या बाजूनं फिरला त्या क्षणाला ती असं बसली होती. चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर, तिच्या कपाळाची चौकशी झाली, आणि ती माझ्यामुळे झाली. परतीच्या गाडीत पुष्कळ जागा रिकामी होती. ती पुढे ड्रायव्हरच्या मागे बसली, मी मागे. घरी आल्यावर आबा आणि त्यांच्याबरोबर आलेले सल्लागार दोघंही माझ्यावर तुटून पडले. खोटं बोललीस म्हणून नव्हे, खोटं नीट बोलता आलं नाही म्हणून. सल्लागार म्हणाले, बाई विधवा आहे हे मला सांगायला नको होतं का. त्या दोघांपैकी एकाला तरी लाज वाटली असेल तर ती मला दिसली नाही. माय मात्र काहीच ओरडली नाही. पाटावर तूप कढवत बसली होती, वर न बघता म्हणाली, "मना नारय तू खोटा पाडा." त्यानंतर किती तरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

काही महिन्यांनी निकाल लागला. अक्काला कामावर परत घ्या. आबा त्या दिवशी जेवले नाहीत, पण कोर्टाचा हुकूम म्हटल्यावर काय करतात, गेट उघडं ठेवलं. ती आली, सूप घेतलं, आपल्या जागेवर बसली. बायांनी तिला गराडा घातला, कुणी हसलं, कुणी रडलं, मग चक्की सुरू झाली आणि सगळं पूर्वीसारखं दिसायला लागलं. खरोखरच पूर्वीसारखं. नोटिशीवर अपील टाकून ठेवलं होतं, संडासाची एक वीट हलली नव्हती. एवढं कोर्ट, एवढ्या तारखा, तिच्या कपाळाचे धिंडवडे, आणि ज्यासाठी ती उठून उभी राहिली होती ते जिथल्या तिथे.

दुपारी ती कामावरून उठली आणि दुसऱ्या एका बाईला घेऊन मागच्या दाराकडे निघाली. मला राहवलं नाही. मी घरातून धावत गेले आणि तिची वाट अडवली. म्हटलं, अक्का, नाल्यावर जाऊ नका, आमच्या घरातला वापरा, मी मायला सांगितलंय, आजपासून सगळ्यांनीच वापरा, आबांना काय म्हणायचंय ते मला म्हणू देत. मला वाटत होतं की मी केवढं मोठं काही करते आहे.

अक्कानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. कोर्टानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"मी तुमना घरनं नही मांगं, पोरी," ती म्हणाली. "मिलमां मांगं व्हतं."

आणि दोघी जणी माझ्या बाजूनं निघून नाल्याकडे गेल्या.